कागदावरचा बुध

बुध सूर्यावरून जाताना मी बघितलाय, आमच्या तासगावच्या बेदाणा शेडमागं, माझ्या छोट्या दुर्बिणीतनं!

पप्पा आयुष्यभर बेदाण्यातले काळे मणी निवडत आलेले. त्या उन्हाळ्यात त्यांच्या नजरेतनं काळे मणी सुटायला लागले, तरी सांगलीच्या डॉक्टरला डोळे दाखवायला तयार नव्हते. म्हणाले, "तुझा ग्रह मला दिसला, तर डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई."

मी दुर्बिणीतनं सूर्य पांढऱ्या कागदावर पाडला. वाटीएवढा गोल आणि त्यात मोहरीपेक्षा बारका ठिपका! मी नाचायलाच लागले.

"पप्पा, दिसला?"

"न दिसायला काय झालं? ह्यो काय!"

त्यांचं बोट कागदावर पडलेल्या बेदाण्याच्या चिकट डागावर होतं.

"तो डाग हाय, पप्पा."

"मला शिकवतीस व्हय गं?"

मी गप कागद सरकवला. सूर्य आणि बुध जागेवरच राहिले. डाग कागदाबरोबर गोलाबाहेर गेला आणि त्याच्यामागं पप्पांचं बोटही.

त्यांनी चिकट बोट लेंग्याला पुसलं. बुध अजून दिसत होता, पण मला बघावंसं वाटेना.

मग पप्पा म्हणाले, "सांगलीची एस्टी सकाळी कितीला हाय?"