लाल नॉब आत कुणी ढकलला?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्या दिवशी उडाला तो स्वतःवरचा.

कराडजवळ विमान चालवायला शिकत होतो. दोन सीटचं छोटं विमान, सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन, आत मी एकटा. वडूजच्या अलीकडे उंची कमी करायची होती. त्याआधी काळा नॉब ओढायचा असतो — कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा. मी ओढला लाल. म्हणजे इंजिनचं पेट्रोलच तोडलं. बरं, लाल नॉब मधलं बटण दाबल्याशिवाय हलत नाही... तेही मी मन लावून दाबलं होतं.

इंजिन गप्प. पंखा नुसता वाऱ्यानं फिरतोय, म्हणजे पेट्रोल मिळालं तर इंजिन पुन्हा धरेल.

चेकलिस्ट मोठ्यानं म्हटली. "मिक्श्चर रिच" — म्हणजे लाल नॉब आत — हेही म्हटलं. पण शाळेत पाढे म्हणायचो तसं, नुसतं तोंडानं. मग उतरायला शाळू काढलेलं एक लांबट रान धरलं. उतरताना दार अडकू नये म्हणून आधीच उघडतात. वारा ते मिटवत होता, म्हणून डावा हात दाराला लावून ठेवलेला. उजवा कंट्रोलवर.

बरंच खाली आल्यावर दिसलं — रानात पाच-सहा बायका आडव्या टाकलेल्या ताटांची कणसं खुडत बसल्यात. वळायला उंची उरली नव्हती.

आणि इंजिन गरजलं.

नाक वर घेतलं. खालच्या बायका हात हलवत होत्या, मी गंमत करायला आलोय असं समजून. काळा नॉब जागचा हललेला नव्हता, म्हणजे मी लालच ओढला होता. लालकडे पाहिलं... पूर्ण आत.

आमचे सर पाटणचे, रिटायर्ड फौजी. परतल्यावर सगळं ऐकून पाठ थोपटत म्हणाले, "शाबास गड्या. नॉब टायमावर ढकललास."

मान डोलावली असती तर हिरो झालो असतो.

"सर, मी नाही ढकलला."

"मग कुणी? एकटाच हुतास न्हवं?"

हात कुठे कुठे होते ते सांगितलं. धक्क्यानं सरकला असेल म्हणून सरांनी विमानात जाऊन नॉब बाहेर ओढला आणि बटण न दाबता ढकलून पाहिला. हलेना.

"दाराचा हात सोडला असशील रं."

"त्या बायका दिसल्यावर मी श्वासही सोडला नव्हता, सर."

सरांनी नॉब आणखी एकदा ढकलून पाहिला.

मित्र म्हणतात, घाबरून नकळत ढकलला असशील. असेलही. पण पूर्ण शुद्धीत जो हात तिकडे गेला नाही, तो नकळत जाऊन नेमकं बटण दाबेल? मला अजून उलगडलेलं नाही. बायका संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या असतील, मीही गेलो, दोन वेळा जेवलो. एवढंच सांगतो — ज्यानं कुणी तो नॉब ढकलला त्याला लाल आणि काळा ओळखता येत होता... म्हणजे तो मी नव्हतो.