दारातून दिसणारी कालरेषा

बाई काम करता करता मध्येच उठायच्या, उलट्या पावलांनी खोलीच्या दारापर्यंत जायच्या आणि तिथून आपल्याच संगणकाकडे डोळे बारीक करून बघायच्या. "कोण पुढे आलंय, बघू." चेहरा ओळखपरेड घ्यायला आलेल्या फौजदाराचा.

कर्वेनगरातल्या आमच्या शिक्षणसंस्थेला पन्नास वर्षं होत होती. इतिहास थोर आहे असं ठरलेलंच होतं. त्याची कालरेषा करून ती सभागृहाच्या भिंतीवर लावणं तेवढं बाकी होतं. मजकूर माझ्याकडे होता. मांडणीसाठी बाईंना कंत्राटावर घेतलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी प्रत्येक प्रकारच्या घटनेला एकेक स्टाईल, म्हणजे रंग-अक्षरांचा साचा, ठरवून दिली. शाळा निघाली की हिरवी चौकट, इमारत झाली की विटकरी, नवा अध्यक्ष आला की फिकट निळी. त्यानंतर सुट्या चौकटीला कोणी हात लावायचा नाही.

मी एकदा दुसऱ्या फाइलमधला मजकूर उचलून चिकटवला. तो आपली लाल कडा आणि जाड अक्षरं बरोबर घेऊनच आला. बाईंनी दारातून पकडला.

"हे पाहुणे कोणाकडचे?"

मजकूर तर बरोबर आहे, असं मी म्हटलं.

"मजकूर मी बघतच नाही. वाचायला लागलं की माणूस फसतो."

त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता. मी चहा घेणार का विचारलं तरी त्या आधी फाइल सेव्ह करायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहिली नसतील, तर त्यांनी तुम्हाला नक्की पाहिलेलं असेल.

एका दुपारी अध्यक्षांचे स्वीय सहायक आले. साहेबांच्या पदग्रहणाची चौकट सोनेरी आणि जरा मोठी हवी होती.

"आधीच्या सहा जणांनी काय वाईट केलंय?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, एका चौकटीचा प्रश्न आहे. माहितीपत्रकाचं काम पुढे याच ऑफिसातून निघायचंय."

ते काम बाईंना हवं होतं. घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालायचं, हे मला माहीत होतं, सहायकांनाही. तरी बाई नाही म्हणाल्या. मग सहायकांनी सौम्यपणे सांगितलं की तुम्ही करू नका, रंग कुठून बदलतो तेवढं दाखवा.

"स्टाईलमध्ये जा. तिथे बदला आणि सेव्ह करा," म्हणून बाईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या.

सहायकांनी तसंच केलं. साहेबांची चौकट डोळ्यांदेखत सोनेरी झाली. बाकीची कालरेषा संगणकाच्या पडद्याबाहेर होती आणि मागे सरकून बघायची त्यांना सवय नव्हती. फाइल तशीच छपाईला गेली.

समारंभात पडदा सरकला आणि भिंतीवर सातही अध्यक्ष सोन्याने मढलेले दिसले. सहायकांनी एक चौकट नव्हे, सगळ्या अध्यक्षांची स्टाईलच बदलली होती. ज्यांना साहेबांनी सभेत सगळ्यांचे हात वर करवून पदावरून घालवलं होतं, ते सहावे अध्यक्षही त्यात होते. ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या.

माहितीपत्रकाचं काम दुसऱ्यांकडे गेलं. बाई आपलं सामान न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, हे असं होणार ते तुम्हाला माहीत होतं का?

"रंग कुठून बदलतो, हे त्यांनी विचारलं," त्या म्हणाल्या. "किती जणांचा बदलतो, ते विचारलं नाही."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी बराच वेळ शोधलं.

आता भिंतीवर नवा फ्लेक्स आहे आणि सोनेरी चौकट एकच आहे. सभागृहात शिरताना मी दारात थांबतो, डोळे बारीक करतो. तिथून एक अक्षर वाचता येत नाही. कोण पुढे आलंय, ते मात्र लगेच कळतं.