गुरू चाळीसाव्या भागात मरतो

तुमच्या ऑफिसातले किस्से लिहून ठेवता का हो, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. कटिंग टेबलाखालची चिंधी कुणी जमवत असतं का? ती आपोआप साठते. सकाळी झाडा, संध्याकाळी परत तेवढीच! फरक एवढाच, की चिंधी न्यायला उल्हासनगरात माणूस येतो, किस्से न्यायला कुणी येत नाही. म्हणून आज तुमच्यापुढे ओततोय.

आमचं ऑफिस उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, एका जुन्या जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर. खाली अजून मशिनं चालतात. वर आम्ही जादूच्या गोष्टी शिवतो. मोबाइलवर ऐकायच्या मालिका हो! तलवारी, ड्रॅगन, शापित राज्यं, बोलणारी झाडं. सकाळी लिहायचं, दुपारी रेकॉर्ड करायचं, संध्याकाळी सातला दोन भाग सोडायचे. माल एकदम ताजा. मी तिथला लेखक आहे, निदान व्हिजिटिंग कार्डावर तरी तसं छापलंय.

मालक हरेशशेठ, सिंधी. अर्धं आयुष्य जीन्समध्ये गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. तिथे खिळ्यांवर पुठ्ठ्याचे पॅटर्न टांगलेले होते, कापड कापायला असतात तसेच. पण त्यांच्यावर खडूनं लिहिलेलं होतं. 'हिरो : अनाथ, खांद्यावर खूण.' 'मित्र : जाडा, सतत खातो.' 'राजकन्या : धनुष्यबाण, भाग पंचवीसला कैद.' 'खलनायक : काळा झगा, हिरोचा सख्खा चुलता.' आणि 'गुरू : पांढरी दाढी, भाग चाळीसला मरतो.'

मी म्हटलं, "शेठ, सगळ्या मालिकांत हेच?"

"लेखकसाब, जीन्स में क्या बदलता है? कंबर तीच, पाय तेच. फक्त वॉशचा रंग बदलायचा. गिऱ्हाईक खूश होऊन बोलतो, नवीन आलंय!"

मी बी.ए.ला जे तीन वर्षं शिकलो, ते शेठनी पुठ्ठ्यावर आणून टांगलं होतं.

*

तरी पण लेखकाची खाज. दुसऱ्याच मालिकेत मी गुपचूप हिरोला आईबाप दिले. चांगले धडधाकट, घरात असणारे आईबाप. म्हटलं, जगात एक तरी हिरो अनाथ नको!

शेठनी स्क्रिप्ट वाचलं, चष्मा काढला आणि मला समोर बसवलं.

"आई है, तो ये लडका रात को जंगल में ड्रॅगन मारायला निघाला, तेव्हा ती काय करत होती?"

"आशीर्वाद देते, शेठ."

"लग्न झालंय ना तुमचं? आई जिंदा आहे ना? बदलापूरला जायचं तरी विचारते ना, जेवलास का, डबा घेतलास का, कुणाबरोबर चाललास? ड्रॅगन का बोलोगे तो सोडेल ती? कहानी दुसऱ्या मिनिटाला खतम!"

मी हिरोच्या आईबापांना महापुरात वाहून जाऊ दिलं. काय करता!

*

आता साळवे काका. आमच्या सगळ्या गुरूंचा आवाज ह्यांचाच. आनंदनगरच्या एमआयडीसीत कंपनीत होते, रिटायर झाले. आयुष्यभर जयंतीच्या कार्यक्रमाचं निवेदन केल्यामुळे आवाज असा तयार झालेला, की माइक नुसता नावाला. काका बूथमध्ये जाऊन "बाळा..." म्हणाले की खालची शिलाई मशिनंसुद्धा क्षणभर थांबतात. बूथला आतून जुन्या डेनिमचं अस्तर आहे. त्या निळ्या खोलीत काका पहिल्या अकरा मालिकांत अकरा वेळा मेले. दरीत पडून, बाण लागून, विष पिऊन, एकदा तर हिरोच्या ऐवजी शाप झेलून.

काका अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहतात. एकदा आम्ही दोघं तिथल्या टपरीवर गेलो. काका म्हणाले, "दोन कटिंग दे रे." टपरीवाल्याच्या हातातली गाळणीच पडली.

"गुरुजी! तुम्ही तर दरीत पडला होता!"

"ती गेल्या महिन्यातली दरी," काका शांतपणे म्हणाले. "परवा बाण लागला. साखर कमी टाक."

मी हसून हसून बेजार झालो. काका मात्र हसले नाहीत. चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून माझंही हसू गेलं.

काकांची आई बदलापूरच्या पुढे, चामटोलीला धाकट्या मुलाकडे असते. मूळची नगरकडची, वय चौऱ्यांशी. नातवानं मोबाइलवर मालिका लावून दिली आणि म्हातारीला नादच लागला. गोष्ट खोटी आहे हे तिला चांगलं ठाऊक आहे, वेडी नाही ती. पण चाळीसाव्या भागात लेकाचा आवाज कण्हत कण्हत बंद पडला, की ती ताट सरकवते. बुद्धवंदना करून गप बसून राहते. लेक स्वतः येऊन समोर उभा राहत नाही, तोवर घास उतरत नाही तिच्या घशाखाली.

"अकरा वेळा जाऊन आलोय सर," काका म्हणाले. "मेलो की सुटायचं चामटोलीला, तोंड दाखवायला. पण आता तिच्या अंगात उपास काढायची ताकद नाही हो. डॉक्टर ओरडतो. आणि बंद कर ऐकायचं म्हटलं, तर म्हणते, तुझा आवाज तरी रोज येतो घरात."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं ना!

*

आमच्याकडे स्नेहल पण लिहिते. बदलापूरची पोरगी, जिभेला धार. तिनं एकदा बंड केलं. पंचविसाव्या भागात राजकन्या कैद झाली, पहारेकऱ्याला झोपवलं, किल्ली घेतली आणि सरळ बाहेर! इकडे हिरो तिला सोडवायला तळघरात शिरलेला.

शेठ म्हणाले, "मग आता तळघरात कोण आहे?"

"हिरो."

"त्याला कोण सोडवणार?"

"बघू. तिला वेळ मिळाला तर."

स्नेहलला वाटलं, नोकरी गेली. पण लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला. शेठ इतके खूश झाले, की स्वतः नवीन पुठ्ठा कापला, त्यावर लिहिलं, 'राजकन्या : भाग पंचवीसला स्वतः सुटते,' आणि तिच्याच हातानं खिळ्याला टांगायला लावला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक राज्यातली प्रत्येक राजकन्या पंचविसाव्या भागात पहारेकऱ्याला झोपवते.

स्नेहल आता कुठल्याही बाबतीत बंड करत नाही. म्हणते, "नको बाबा, टांगतात!"

*

खलनायक म्हणजे आमचा प्रदीप. बदलापूरच्या बाजूचा, घरची शेती, आणि शेतीपेक्षा मोठी भाऊबंदकी. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "ह्या चुलत्याला राज्य कशाला पाहिजे?" मी म्हटलं, जगावर अंधार पसरवायला. तो म्हणाला, "सर, चुलत्याला अंधार नको असतो. रस्त्याला लागून, रोडटच जागा पाहिजे असते. माझ्या चुलत्याला विचारा!"

मग त्यानं खलनायकाला हुबेहूब स्वतःच्या चुलत्याचा आवाज लावला. अख्ख्या गावानं ओळखला.

पुढे एका हळदीला चुलता समोर आला. प्रदीप पंगतीकडे सटकायला लागला. चुलत्यानं त्याला मांडवाच्या कोपऱ्यात नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "सगला ऐकतंय मी. आवाज बरोबर लावलास. पन हसनं चुकतंय तुझं. मी असा हसतंय..." आणि चुलता असा काही हसला, की बँजोवाले थांबले!

आता खलनायकाचं हसणं एकदम ओरिजिनल आहे. जागेची केस अजून चालूच आहे.

*

बरं, ह्या सगळ्या गोष्टी इतक्या सारख्या, की घोटाळा व्हायचा तो झालाच. आमच्या दोन मालिका एकाच वेळी चालू होत्या. अपलोड करणाऱ्यानं चार दिवस एकीचे भाग दुसरीत टाकले. हिरोचं नाव वेगळं, तलवार वेगळी, एका राज्यात बर्फ तर दुसऱ्यात वाळवंट. चार दिवस, आठ भाग, आणि तक्रार एकही नाही! उलट एका ऐकणाऱ्या बाईनं लिहिलं, 'स्टोरीत आता जान आली.'

फोन आला तो फक्त चामटोलीहून. काकांच्या आईचा. "अरं, तू परवा मेला हुतास, आन् आज झऱ्यावर आंघूळ करतुयास! चूक झाली व्हय रं? झाली असंल तर ऱ्हाऊ दे तशीच."



*

आता शेवटचा किस्सा. बारावी मालिका, भाग चाळीस. स्क्रिप्ट माझंच. गुरूला बाण लागतो, 'बाळा, आता तूच...' एवढं बोलून मान टाकतो.

काका बूथमध्ये गेले. बाण लागला. कण्हले. मग कागद खाली ठेवून त्या दणदणीत आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस बाळा! जखम वरवरची आहे!"

शेठनी रेकॉर्डिंग थांबवलं, काकांना बाहेर बोलावलं. मी मनात म्हटलं, आता काकांचं काही खरं नाही! काकांनी मान खाली घालून आईचं सगळं सांगितलं. शेठ ऐकत होते. मग म्हणाले, "साईं, अकरा वेळा मेलात, एकदा तोंड उघडायचं ना! आईचा मामला आहे." आणि उठून भिंतीवरच्या पुठ्ठ्यावरचं 'मरतो' बोटानं पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी म्हातारी पोटभर जेवली. काकांनी ऑफिसात पेढे वाटले, स्वतः जिवंत राहिल्याचे!

पण पुढे गोष्टीचं काय? गुरू जिवंत म्हटल्यावर हिरोला कामच उरलं नाही. ड्रॅगन आला, हिरो ओरडला, "गुरुदेव!" गुरूनं ड्रॅगन लोळवला. पूल तुटला, "गुरुदेव!" गुरूनं पूल बांधला. राक्षसांची अख्खी पलटण आली, गुरूनं दाढी सावरत तीही निस्तरली. मी आणि स्नेहल डोकं धरून बसायचो. साठाव्या भागापर्यंत आमच्या त्या भविष्यवाणीतल्या महावीरानं फक्त झऱ्यावरून पाणी आणलं होतं. जाड्या मित्रानंसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त काम केलं. ऐकणारे रोज गळत होते. शेठ येता-जाता पुठ्ठ्याकडे बघत होते.

एकसष्टाव्या भागाच्या दिवशी दुपारी काकांचा फोन वाजला. आई. काकांनी स्पीकरवर टाकला.

"धा दिस झालं, ते पोरगं नुसतं पानी भरतंय," आई म्हणाली. "तलवार काय तुझ्या मागं लपून शिकायची असती व्हय? तू कवा मरनार हायस?"

काका म्हणाले, "आई, अगं... तुझ्यासाठीच तर जगलोय मी."

"म्हाईत हाय मला. पर म्हातारं जागचं हलंना, तर पोरानं मोठं कवा व्हायचं? मर की रं आता एकदाचा!"

"तू जेवणार नाहीस परत."

"माझं मी बघीन. ठेव फोन."

काका उठले, बूथचं दार लावलं आणि एका टेकमध्ये मेले. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. काचेच्या अलीकडे स्नेहलनं डोळे पुसले. शेठ तोंड फिरवून खडू शोधायला लागले.

सहा वाजल्यापासून काका येरझाऱ्या घालत होते. "सर, मला सोडा हो चामटोलीला. ती म्हणते बघीन, पण नाही बघणार." मी स्कूटर काढली. अंबरनाथ सोडलं, बदलापूर सोडलं, काका मागून सारखे "जरा दाबा, जरा दाबा" करत होते. पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. गुरू मरून झाला होता.

दार उघडंच होतं. आई पाटावर बसलेली, समोर ताट, तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. पुढचा भाग चालू होता. अर्धी भाकरी संपली होती.

काका उंबऱ्यातच थांबले. "आई, मी आलो गं."

म्हातारीनं मान वळवली नाही. घास चावता चावता नुसता डावा हात वर केला.

"बस तितं. आन् बोलू नगंस. पोरगं तलवार उचलतंय!"