साहेब म्हणाला, ‘सी हिम ऑफ’

गोंडपिपरीच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. एक शब्दप्रयोग मात्र दरवर्षी अर्धाच शिकवत आलो. का, ते कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

‘सी ऑफ’. मुलांना मी सांगायचो, निरोप द्यायला जाणे. पाहुणा गाडीत बसेपर्यंत सोबत राहणे. परीक्षेला तेवढं पुरत होतं.

मी स्वतः मात्र हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो कुत्र्याला दिलेल्या हुकुमात. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. मी आरमोरीचा, नुकताच मॅट्रिक झालेला, आलापल्लीकडच्या जंगलात एका लाकूड कंपनीच्या डेपोवर मुन्शी म्हणून लागलो होतो. साहेब इंग्रज, मागे राहून गेलेला. बंगल्यातल्या पेरूवर वानरं आली की तो कुत्र्याला ओरडायचा, ‘सी देम ऑफ!’ कुत्रं वानरांना पार नाल्यापलीकडे पिटाळून यायचं. मग हिवाळ्यात त्याची बहीण येऊन गेली. तिला गाडीत बसवून द्यायला तो चांद्याच्या स्टेशनवर निघाला, तेव्हाही तोच शब्द — तिला ‘सी ऑफ’ करून येतो. मी बुचकळ्यात पडलो. बहिणीला आणि वानरांना एकच शब्द?

पुढे मास्तर झाल्यावर मोठ्या कोशात पाहिलं. जुना अर्थ निरोपाचाच. हाकलणं मागून आलं. शिपायांच्या बोलीत तो शत्रूला संपवणं झाला, दारूच्या गुत्त्यात पेला रिकामा करणं झाला. खलाशी तर फसवला गेलेल्या माणसाला ‘सीन ऑफ’ म्हणत. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? लेकीची बोळवण करतात ती साडीचोळी देऊन, आणि नको असलेल्या माणसाचीही बोळवणच करतात.

मग शब्दानंच घोटाळा केला म्हणायचं? बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगून पाहिलं.

रैनू नावाचा एक म्हातारा गोंड आमच्या डेपोवर तोड्यांचा, म्हणजे झाडं तोडणाऱ्यांचा, म्होरक्या होता. त्याच्या गावची सगळी माणसं त्याच्या शब्दावर कामाला यायची. उन्हाळ्यात एकदा झाडीत सांबर ओरडलं, आणि मी वाघ वाघ करत धोतर सावरत पळालो. रैनूनं ते पाहिलं. दुपारी सगळ्यांसमोर त्यानं माझ्या पळण्याची नक्कल केली. माणसं हसली. साहेबाच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. रैनूच्या मनात काही नव्हतं — नंतर त्यानं मला द्रोणात चारं, चारोळीची पिकली फळं, आणून दिली. मी ती खाल्ली. पण मनातून काही गेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात रैनूच्या पायावर कुऱ्हाड बसली. जखम चिघळली. साहेब स्वतः धुवायचा, पट्टी बांधायचा, पण पाय काळा पडत चालला. साहेबाला हिंदी यायची ती ‘इधर आव’ एवढीच. रैनूशी सगळं बोलणं माझ्या तोंडून. उद्या सागवानाचा ट्रक चांद्याला जातोय, त्यात तुला दवाखान्यात धाडतो — हे साहेबाचं म्हणणं मीच त्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दौऱ्यावर निघाला. रैनू ओसरीवर गाठोडं घेऊन बसला होता. जीपमध्ये बसता बसता साहेब मला म्हणाला, ‘सी हिम ऑफ.’

आता सांगा, मला काय कळलं असेल?

जीप दिसेनाशी झाली. मी रैनूजवळ गेलो आणि म्हणालो, “साहेब म्हणतो, इथून चालता हो.”

“बाबू, सायेब त दवाखान्यात धाडतो म्हने ना?”

“आता नाही म्हणतो.”

“काऊन? माहं का चुकलं?”

मी पायरीकडे हात केला. त्यानं काठी घेतली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि लंगडत पाऊलवाटेनं गेला. मला वाटलं होतं, नाक्यापर्यंत जाऊ द्यावं, मग हाक मारावी. मारली नाही. ट्रकवाल्याला सांगितलं, म्हातारा आपल्या मर्जीनं घरी गेला. दौऱ्यावरून आल्यावर साहेबानं विचारलं, त्याला नीट ‘सी ऑफ’ केलंस ना? मी म्हणालो, येस सर.

पाऊस लागायच्या आधी रैनूची बायको डेपोवर आली. रैनू मेला होता, घरीच. ती बंगल्यासमोर उभी राहिली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. साहेबाकडे बघत मला म्हणाली, “माह्या बुढ्याले काऊन हाकललं? तो का चोर होता का? एवढं सायबाले विचारून सांगा.”

साहेबानं विचारलं, काय म्हणते ती?

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. दोघांच्या भाषा येणारा तिथे मी एकटाच. मी साहेबाला म्हणालो, तिचा नवरा चांद्याच्या दवाखान्यात वारला. तुम्ही केलंत त्याबद्दल ती आभार मानते. साहेबानं टोपी काढली, तिला हात जोडले आणि म्हणाला, मला फार वाईट वाटतं. हे मी तिला कसं सांगितलं? म्हणालो, “साहेब म्हणतो, सांगण्यासारखं काही नाही. तू जा.”

तिनं साहेबाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग खाली थुंकली आणि निघून गेली. दुःखात माणसाला भान राहत नाही, असं साहेब मला नंतर म्हणाला.

पुढच्या हंगामात त्या गावातलं कुणी कामाला आलं नाही. साहेब मला विचारायचा, काय बिनसलं असेल? मी म्हणायचो, कोण जाणे. काही वर्षांनी तोही आपल्या देशी परत गेला. कदाचित रैनूच्या जखमेची आठवण काढून त्याला तिथे समाधानही वाटत असेल, की आपण होईल तेवढं केलं.

रैनू मरेपर्यंत समजत होता की साहेबानं हाकललं. साहेबानं हाकललं नव्हतं. मी हाकललं. आणि त्या सकाळी मला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ येत होते.