सतराचा पाढा आणि आल्दोचे डोळे

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एखाद्या तळघरात वीस वर्षं उभं राहा, भिंतीला ओल चढते तसे तेही चढत जातात. वेम्बलीच्या आमच्या बायका भाजी घेता घेता म्हणतात, "इंदूताई, त्या इटालियनच्या गमतीजमती लिहून काढा ना." गमती हव्या असतील तर नवऱ्यांच्या सांगा एकमेकींना. माझ्याकडे आहे ते असं आहे.

आल्दो फोटोग्राफर होता. फक्त कलावंतांचे फोटो काढायचा. चित्रकार, शिल्पकार, मातीचं काम करणारे. लग्न नाही, बारसं नाही, पासपोर्ट तर नाहीच. बाप इटलीतल्या डोंगरात थडग्यांवर नावं कोरायचा. हा कोवळ्या वयात लंडनला आला आणि चाळीस वर्षं जिवंत माणसांचे चेहरे गोळा करत राहिला. एजवेअरला एका बंद दुकानाखाली त्याची डार्करूम होती. तिथे मी फरशी पुसायला लागले. तो मला 'सिन्योरा' म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी वाचायला शिकले ती त्याच्या केमिकलच्या बाटल्यांवरून. पहिला शब्द आला तो 'पॉयझन'.

* * *

एकदा त्याने एका शिल्पकाराचा मोठा प्रिंट काढला, बघितला आणि टोपलीत टाकला. दुसरा काढला, तोही टाकला. मी मॉप हातात धरून उभी. तोंडातून निघून गेलं, "हात काळा पडलाय त्याचा. दगड फोडणाऱ्याचा हात असा नसतो."

"मग तू कर," तो म्हणाला. चिडून म्हणाला.

केला. दोन दिवस लागले, अर्धं पाकीट कागद वाया गेला. तिसऱ्या दिवशी त्याने माझा प्रिंट स्वतःच्या प्रिंटशेजारी धरला. बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःचा फाडला.

मी वाट बघत होते, काहीतरी बोलेल.

"सिन्योरा," तो म्हणाला, "उद्या फरशीसुद्धा पुसायची आहे."

* * *

डार्करूममध्ये कागदावर उजेड किती वेळ पाडायचा, याला फार महत्त्व. आल्दोकडे त्यासाठी जर्मन घड्याळ होतं. मला त्याची टिकटिक सहन व्हायची नाही. मी पाढे म्हणायचे. आमच्या मास्तरांनी छडीच्या तालावर शिकवलेले, त्यामुळे माझा सतराचा पाढा रोज तेवढाच वेळ घेतो. वीस सेकंद. सर्दी झाली तरी वीस, घरी भांडून आले तरी वीस.

आल्दोने घड्याळ लावून आठवडाभर तपासलं. मग घड्याळ कपाटात गेलं. हळूहळू तोही म्हणायला लागला. "सात्रा एके सात्रा, सात्रा दुने चोतीस." ण, ष, सगळं त्याने समुद्रात बुडवलं, पण ताल पक्का. निगेटिव्हच्या पाकिटांवर आमच्या नोंदी असायच्या: 'पूर्ण सतरा. कपाळाला तेरा, निम्मे.'

एका मोठ्या लॅबमधला प्रिंटर ती पाकिटं बघून गोंधळला. "हे सतरा म्हणजे काय? सेकंद?"

आल्दो म्हणाला, "छड्या."

* * *

त्याच्या धंद्याची एक वाईट बाजू होती. वर्तमानपत्रांना त्याचे फोटो लागायचे ते कलावंत गेल्यावर. सकाळी आठच्या आत फोन वाजला की आल्दो हॅलो म्हणायचा नाही. "कोण?" एवढंच विचारायचा. मी तोवर प्रिंट काढायला डार्करूमचा लाल दिवा लावलेला असायचा. कलावंतांनाही हे माहीत होतं. आल्दो येतो म्हणाला की काही जण चक्क आजारी पडायचे.

मेडनहेडला एक म्हातारी शिल्पकार राहायची. तिच्याकडे मी त्याची बॅग धरून गेले होते. दार उघडून तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"डॉक्टर तुझ्याशी काही बोलले का?"

"नाही. आज उजेड चांगला आहे."

"मग ये," ती म्हणाली आणि केस विंचरायला गेली.

तीन आठवड्यांनी सकाळी पावणेआठला फोन वाजला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. चौथ्या घंटीला आल्दोने उचलला. ठेवल्यावर म्हणाला, "पण उजेड खरंच चांगला होता."

* * *

मग एक रोल आला त्यात चित्रकाराचा चेहरा पुसट आणि मागची वीट न् वीट स्पष्ट.

"मुद्दाम," आल्दो म्हणाला.

पुढच्या रोलमध्ये कान स्पष्ट. त्याच्या पुढच्यात खुर्ची. मी लक्ष ठेवलं. माझ्याशी बोलताना तो मान वळवून तिरका बघायचा.

"कोंबडीसारखा काय बघतोस?" मी विचारलं.

त्याने हातातला कागद खाली ठेवला. "मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेने दिसतं. खोली दिसते, माणूस दिसतो. चेहऱ्याकडे बघायला गेलो की चेहरा जातो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

दोन वर्षं मी या माणसाच्या समोर रोज आठ तास उभी होते. "आणि मला सांगायचं नाही?"

"तुझा चेहरा मला पाठ आहे," तो म्हणाला. "तुला काय सांगायचं?"

* * *

त्याच सुमाराला एका मोठ्या गॅलरीने त्याचं प्रदर्शन करायचं ठरवलं. चाळीस वर्षांचं काम, चाळीस प्रिंट. करारात एक ओळ होती: प्रत्येक प्रिंट फोटोग्राफरने स्वतः बघून, पसंत करून, त्यावर सही केलेली असावी. दिसत नाही हे कळलं असतं तर निगेटिव्ह सरळ लॅबमध्ये गेल्या असत्या. कॉम्प्युटरवर स्कॅन करून दुपारपर्यंत चाळीस काढून दिले असते.

"ते मी मेल्यावर करू देत," आल्दो म्हणाला. "मी आहे तोवर नाही."

मी प्रिंट काढायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. "कपाळ राखाडी. डाव्या गालावर सावली, पण आतलं दिसतंय. कोट काळा, कोळशासारखा नाही, ओल्या जमिनीसारखा." तो डोळे मिटून ऐकायचा. "कोट अजून थोडा," म्हणायचा, आणि त्याचं बरोबर असायचं. मग त्याचं बोट मी कोपऱ्यावर नेऊन ठेवायचे आणि तो सही करायचा.

एकदा घाईत मी प्रिंट उलटा ठेवला. सही चित्रकाराच्या डोक्याच्या वर झाली, तीही उलटी. चूक माझी. कागदाचं ते शेवटचं पाकीट. कंपनीने तो कागद बनवणंच बंद केलं होतं, उरलेले कागद बाकीच्या फोटोंपुरतेच होते, दुसरा काढायची सोय नव्हती.

गॅलरीची बाई, तिचं नाव हॅरिएट, फोटो फिरवून फिरवून बघत राहिली. "हे असं का?"

"तो आयुष्यभर उलटाच वागला," आल्दो म्हणाला.

फोटो तसाच लागला. खालच्या पाटीवर काहीतरी तत्त्वज्ञानही लिहिलं त्यांनी.

* * *

पण हॅरिएट मूर्ख नव्हती. एक दिवस न सांगता तळघरात उतरली. हातात दोन प्रिंट, दोन्ही मेडनहेडच्या म्हातारीचे. एक माझा, एक लॅबमध्ये काढून आणलेला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"आल्दो, यातला कुठला लावू?"

मी दाराशी होते. तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. छत्तीस प्रिंट झाले होते, चार राहिले होते.

आल्दो टेबलाजवळ आला. पहिला प्रिंट उचलला, कानाशी नेला आणि हलकेच हलवला. मग दुसरा. लॅबचा कागद प्लास्टिकचा, तो नुसता लवतो. आमचा कागद पाण्यातून वाळून आलेला, तो खडखडतो, भाजलेल्या पापडासारखा.

"हा," तो म्हणाला.

हॅरिएट म्हणाली, "तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत."

"ज्याला शंका असते तो बघतो."

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. वरच्या पायरीवर ती थांबली. "त्यांना दिसत नाही ना?"

"तुला दिसतं ना?" मी म्हटलं. "मग सांग, कुठला चांगला होता?"

ती निघून गेली. करार मात्र मोडला नाही.

* * *

एकोणचाळीस झाले. चाळीसावा फोटो गॅलरीला खुद्द आल्दोचा हवा होता आणि तो जगात कुठे नव्हता. या माणसाने आयुष्यात कोणाला स्वतःचा फोटो काढू दिला नव्हता. तोवर त्याने अंथरूण धरलं होतं. छातीत पाणी. घरी आणलं होतं, म्हणजे डॉक्टरांचं काम संपलं होतं.

"सिन्योरा, तू काढ," तो म्हणाला.

"मी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही."

"प्रिंटला तरी कुठे लावला होतास."

नोव्हेंबरची दुपार. खिडकीतून येत होता तेवढाच उजेड. मी कॅमेरा स्टँडवर लावला. उजेड इतका कमी की शटर बराच वेळ उघडं धरावं लागणार होतं, आणि तेवढा वेळ त्याने हलायचं नव्हतं.

"किती?" त्याने विचारलं.

"पूर्ण सतरा."

"मी म्हणतो."

"तोंड हलेल तुझं."

"हलू दे."

मी शटरची तार दाबून धरली. त्याने मान तिरकी केली नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं तिथे. "सात्रा एके सात्रा. सात्रा दुने चोतीस. सात्रा त्रिक एकावन." प्रत्येकाच्या मध्ये श्वास, पण ताल तोच. "सात्रा चोक अडुसस्ट. सात्रा पाचे पंच्याएंसी."

सहावा श्वास आला नाही. मी तार सोडली नाही. सतरा सक मी धरलं. सतरा दाहेपर्यंत म्हणून मग सोडली.

प्रिंट त्याच पाकिटातल्या शेवटच्या कागदावर काढला. फोटोत ओठ धुरासारखे पुसट आले आहेत. डोळे इतके स्पष्ट की त्यांत खिडकीच्या चौकटी मोजता येतात.

हॅरिएटने तो दोन्ही हातांनी धरला. कोपरा बघितला. "यावर सही नाही."

"नाही."

तिने पेन काढलं, पाटीवर लिहायला. करारातल्या ओळीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. "एक्स्पोजर किती होतं?"

"दहा," मी म्हटलं. "पाच त्याचे, पाच माझे."