सासऱ्यांच्या नावे राजाची पत्रं

कळव्याच्या मिठागरावर मी कारकून होतो तेव्हाची गोष्ट. सासूबाई आजारी म्हणून बायको कोकणात माहेरी गेली, ती वर्ष होत आलं तरी परतली नव्हती. संध्याकाळी खाडी ओलांडून ठाण्यातल्या खोलीवर यावं, भात शिजवावा आणि एकट्याने गिळावा, असं चाललं होतं. मला तिची फार आठवण येई. पण बायकोला पत्र लिहायची आमच्यात सोय नव्हती. पत्र जायचं सासऱ्यांच्या नावे आणि ते ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे. त्यात 'सर्व क्षेम' यापलीकडे मी काय लिहिणार, कपाळ?

बदलून जाताना आमच्या साहेबाने मला एक इंग्रजी कादंबरी दिली. युरोपातलं लहानसं राज्य, गादी बळकावणारा चुलता, डोंगरी किल्ल्यात कोंडलेला तरुण राजा आणि दूर राहिलेली राणी. शाळामास्तरांकडच्या नकाशात मी ते राज्य बराच वेळ शोधलं. सापडेना, तेव्हा नकाशा जुना असेल अशी समजूत करून घेतली.

त्या राजाने माझी अडचण सोडवली. दर पंधरवड्याला मी सासऱ्यांना एकेक प्रकरण मराठीत लिहून पाठवू लागलो. तलवारबाजी पुस्तकातली, पण राणीवाचून झुरणं सगळं माझ्या पदरचं. तुझ्यावाचून घास उतरत नाही, असं राजा बेधडक म्हणे. माजघराच्या दाराआड उभी राहून ती ऐकत असेल, राजा कोण ते ओळखत असेल, असं मला वाटे.

सासरे खूश होते. 'राजे सुटले काय? आपल्या सरकारचं त्यांच्याशी कसं आहे?' असं ते विचारायचे. तिच्याबद्दल शेवटी एक ओळ असे, 'चि. सौ. खुशाल आहे.' तेवढ्यावर मी पुढचे पंधरा दिवस काढी.

सासूबाई बऱ्या झाल्या आणि ती आली. पहिल्याच दिवशी जेवताना मी चाचरत विचारलं, "राजाची पत्रं ऐकलीस ना?"

"ती होय?" भात वाढता वाढता ती म्हणाली. "बाबा ती देवळात नेऊन वाचायचे. सगळी पुरुषमंडळी जमायची म्हणे. गावाला तो राजा तोंडपाठ आहे. मी आपली आईच्या उशाशी. का, काय होतं त्यात?"

वाढायची थांबून ती माझ्याकडे बघत होती. खोलीत ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो. "लढाया होत्या."