गोष्टीतलं पाणी आणि माझी रिकामी बादली

मंडळी, आज डोकं फिरलंय.

भविष्यात काय काय अजब घडेल, अशा छोट्या गोष्टींचा माझा पॉडकास्ट आहे. मीच लिहिते, मीच वाचते. घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन महिने लिंक टाकतेय. एक माणूस ऐकेल तर शपथ!

म्हणून आज सकाळी लिंकऐवजी नव्या गोष्टीची नुसती सुरुवात माझ्या आवाजात रेकॉर्ड करून टाकली: "रहिवाशांनो, उद्यापासून तुमच्या नळाला पाणी येणार नाही." पुढे गोष्टीत नळ माणसांशी बोलायला लागतात. पण पुढचं ऐकतंय कोण?

तासाभरात घरोघरी बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरले. दुपारी टाकी रिकामी!

सेक्रेटरी दारात हजर. "मॅडम, काय हे टेन्शन?"

"अहो, गोष्ट आहे ती!"

"मग खाली तसं लिहायचं ना!"

मागून शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "आवाज मात्र मस्त गं तुझा. मी बहिणीलाही पाठवला."

तीन महिन्यांतली ही पहिली दाद.

ती गोष्ट आहे हे एकट्या मलाच माहीत होतं. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगमध्ये पाणी न भरलेली एकटी मीच.

आता सांगा, बादलीभर पाणी मागायला कुठल्या तोंडाने कुणाच्या दारात जाऊ?